सोबतचा माणूस

बोटीचं खूळ घरात आणलं ते मुलांनी. दोघंही दूर, आपापल्या संसारात. पण कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं आणि एका रविवारी सकाळी फोनच्या पडद्यावर दोन चौकटींतून दोघं एकदमच हसायला लागले.

"आई, आधी नीट बस," लेक म्हणाली. "उभ्या उभ्या ऐकायची बातमी नाहीये."

ती बसलेलीच होती. नवऱ्याच्या खुर्चीसमोर फरशीवर बसून ती त्याच्या उजव्या पायात मोजा चढवत होती. हा पाय आपणहून काही करत नसे. ओल्या पोत्यासारखा जड होऊन मांडीवर पडून राही, आणि टाच मोज्यात शिरेपर्यंत तिचे दोन्ही हात गुंतलेले असत. फोन टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मुलांना आईच्या केसांतला भांग आणि बाबांचे गुडघे एवढंच दिसत होतं.

"आम्ही दोघांनी मिळून तुम्हाला क्रूझवर पाठवायचं ठरवलंय," मुलगा म्हणाला. "आठवडाभर. मोठ्ठी बोट. खाणंपिणं, गाणीबजावणी, सगळं आत. खुर्ची जाईल अशा खोल्याही असतात, मी बघितलंय. तुम्ही फक्त बॅग भरायची."

ती काही बोलायच्या आतच वरून आवाज आला.

"बोट," नवरा म्हणाला.

एकदम स्वच्छ, पहिल्या झटक्यात. काही वर्षांपूर्वी मेंदूत झालेल्या रक्ताच्या गाठीनंतर उजवी बाजू गेली होती आणि शब्द तिरपे झाले होते. पाणी हवं असलं की तो "चावी" म्हणे, चष्मा हवा असला की "पाणी" म्हणे आणि आपलं चुकलं हे कळून स्वतःवरच चिडे. त्याला काय म्हणायचंय हे फक्त तिला कळे. कुणी भेटायला आलं की तो अर्ध्यावर अडकायचा आणि पुढचं ती बोलायची. आणि आज हा शब्द असा तोंडातून टुणकन बाहेर पडला, की पडद्यावरच्या दोघांनी टाळ्याच वाजवल्या.

झालं. बोट ठरली.

त्याला बोटीचं अप्रूप असणं साहजिक होतं. उभा जन्म त्याने बंदरात क्रेन चालवली. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्याने किती बोटी भरल्या आणि किती रिकाम्या केल्या याला गणती नव्हती, पण त्यातल्या एकीवरही त्याने कधी पाय ठेवला नव्हता. खाली धक्क्यावर उभा राहून शिट्टी फुंकत त्याला खुणा करायचा तो त्याचा मित्र, शिट्टी. शिट्टीचं खरं नाव त्याच्या बायकोनेच काय ते वापरलं असेल, आणि ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. बाकी सगळ्या जगाला तो शिट्टीच. निवृत्त झाल्यावरही दर रविवारी तो यायचा, मित्राशेजारी बसून टीव्हीवर खेळ बघायचा, दोघांच्याही वतीने पंचांना शिव्या घालायचा आणि जाताना म्हणायचा, "वहिनी, चहा फक्कड होता," मग चहा कसाही असो.

ती पडद्यांच्या दुकानात काम करायची. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, अस्तर जोडायचं, वरच्या पट्टीला चुण्या घालायच्या, हुक टाचायचे. हातात कला होती आणि मालकीण माणूस बरी होती. नवऱ्याला आंघोळ घालून, भरवून, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून ती यायची, म्हणून तिला उशीर माफ होता. पण अलीकडे तिच्याकडून चुका व्हायला लागल्या होत्या. एकदा एका अख्ख्या बैठकीच्या खोलीचे पडदे तिने अस्तर सुलट बाजूला लावून शिवले. मालकिणीने ते उचलून उजेडात धरले, तिच्याकडे बघितलं आणि न रागावता घडी घालून उसवायला ठेवले. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बोटीची बातमी दुकानात पोचली तेव्हा सगळ्या जणी तिच्याभोवती गोळा झाल्या. "मज्जा आहे बाई तुझी!" शिलाईवरची म्हणाली. "सकाळी उठायचं, समुद्र बघायचा, आयतं गिळायचं, परत झोपायचं!"

"हो ना," ती म्हणाली आणि दातांत धरलेली टाचणी काढून कापडात खुपसली.

घरी रोज संध्याकाळी बोटीचे व्हिडिओ लागायला लागले. कुणीतरी हसरी माणसं कॅमेरा घेऊन खोलीखोलीतून फिरत आणि हे बघा, ते बघा म्हणत. नवरा लहान मुलासारखा पुढे झुकून बघे. शिट्टी आला की दोघं मिळून बघत. आणि तीही बघे. पण ते दोघं समुद्र बघत असत, तेव्हा ती बाथरूमचा उंबरठा बघत असे. पलंग आणि भिंत यांच्यात खुर्ची वळेल का? संडासाशेजारचा दांडा डाव्या हाताला आहे की उजव्या? पलंग उंच असला तर त्याला बसवणार कसं? तिथे रबरी चादर मागितली तर देतील की आपली न्यायची? घरात निदान प्रत्येक वस्तू तिच्या सवयीची होती. अंधारातही पाय कुठे अडखळेल हे तिला ठाऊक होतं. बोटीवर हेच सगळं करायचं होतं, फक्त हलत्या जमिनीवर.

हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. मुलांनी इतक्या हौसेने केलेलं, त्यावर पाणी कोण ओतणार?

बुकिंग पक्कं करायला ऑफिसात जावं लागलं. टॅक्सीवाल्याने खुर्ची डिकीत कशीबशी कोंबली, उतरताना तिने ती उघडली, नवऱ्याला त्यात बसवलं, पायरीवरून उलटं ओढत आत नेलं. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला. आत थंडगार होतं. भिंतीभर निळं पाणी आणि पांढऱ्या बोटी. टेबलामागे एक तरतरीत, गोड बोलणारी मुलगी होती. तिने आधी नवऱ्याला नमस्कार केला, मग तिच्याकडे वळली आणि पुढचं सगळं तिलाच विचारलं.

"काकांना बाथरूममध्ये मदत लागते का?"

"लागते."

"ती कोण करेल?"

"मी."

"बोटीत चढताना आमची माणसं खुर्ची ढकलतील, पण एरवी जेवायला, डेकवर न्यायला..."

"मी."

"पहिल्याच दिवशी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालून एका ठिकाणी जमावं लागतं. सराव असतो तो. काकांना जॅकेट घालायला..."

"मी घालीन."

"एक-दोन ठिकाणी बोट किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होडीतून उतरतात. तिथे खुर्ची नेता येत नाही. तर काकांना बोटीवरच थांबावं लागेल. त्यांच्याजवळ कुणीतरी..."

"मी थांबेन."

"आणि रात्री काही लागलं तर?"

"मीच की."

मुलीचं हसणं जराही ढळलं नव्हतं. तिने कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं आणि म्हणाली, "मग सोबतचा माणूस म्हणून तुमचं नाव घालते. बास, झालंच. आता काही काळजी करू नका काकू, मस्त सुट्टीची मजा घ्या!"

"कुणी?" तिने विचारलं.

"अं? तुम्ही."

"मी तर सोबतचा माणूस ना? आत्ता तुम्हीच म्हणालात." आपला आवाज चढतोय हे तिला कळत होतं, पण तो जिन्यावरून घरंगळणाऱ्या डब्यासारखा सुटलाच होता. "हे सुट्टीवर, तुमची बोट कामावर, आणि मीही कामावर. मग सुट्टीवर मी आहे कधी? सांगा ना. संध्याकाळची का सकाळची? मला नको हो तुमचा समुद्र. मला झोपायचंय. एका खोलीचं दार लावून घ्यायचंय आणि बाहेरून कुणी हाक मारायला नकोय. आहे तुमच्याकडे तसं काही?"

शेजारच्या टेबलावरचं नवंकोरं जोडपं वळून बघायला लागलं. मुलीने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आणि मग तिला आठवलं की नवरा तिच्या हाताच्या अंतरावर बसलाय. त्याला धड बोलता येत नसे, ऐकू मात्र खणखणीत येई. लोक हे विसरत आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल काहीही बोलत. तिला या गोष्टीचा संताप यायचा. आज ती स्वतः विसरली होती.

तो भिंतीवरच्या बोटीकडे बघत होता. मान वळवून, अगदी एकटक.

परतीच्या टॅक्सीत ती मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होती आणि एकही धड जुळत नव्हतं, कारण ती जे बोलली होती त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

दोन दिवस तो खात होता, गोळ्या घेत होता, टीव्ही बघत होता, पण बोटीचा व्हिडिओ लावायला त्याने एकदाही खूण केली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याला सूप भरवत होती. त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि चमचा खाली करायला लावला.

"तू... नको."

"काय नको? सूप नको? गार झालंय का?"

"बोट. तू... नको येऊस."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो, मी त्या दिवशी रागाच्या भरात..."

त्याने खुर्चीच्या हातावर थाप मारली. तिने बोलणं थांबवलं. "मी," तो म्हणाला. "मी... आणि चावी." मग मान झटकून, डोळे घट्ट मिटून त्याने परत शोधलं. "शिट्टी."

"भाऊजी? त्यांना स्वतःचे गुडघे उचलत नाहीत, ते तुम्हाला काय उचलणार?"

यावर त्याने जे सांगितलं ते सांगायला त्याला इतका वेळ लागला की सुपावर साय धरली. "तू... असलीस... की मी... आजारी."

ती उठली. सूप परत गरम करते म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे एक धुतलेलं पातेलं पुन्हा घासत उभी राहिली. तिला जे हवं होतं ते कुणीतरी ओंजळीत आणून ठेवलं होतं, आणि तरी थोबाडीत बसल्यासारखं वाटत होतं. म्हणजे हा माणूसही थकला होता तर. आजाराला नाही, तिला. तिच्या डोळ्यांतल्या त्या चोवीस तासांच्या पहाऱ्याला. आपण एकटीच दमलोय असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पातेलं लख्ख झालं, हात थांबले, आणि नळ तसाच वाहत राहिला.

रविवारी शिट्टीला सांगितलं तेव्हा तो आधी गंमत समजला. मग मित्राचा चेहरा बघून गंभीर झाला.

"वहिनी, आयुष्यभर मी मान वर करून याला खुणा केल्या," तो म्हणाला. "मानेचं दुखणं याच्यामुळेच आहे माझं. आता समोरासमोर करीन. काय अवघड आहे त्यात?"

"उद्यापासून रोज या," ती म्हणाली. "मग सांगते काय अवघड आहे ते."

तो रोज यायला लागला. तिने त्याला आधी खुर्चीचे ब्रेक लावायला शिकवलं, कारण सगळे तेच विसरतात. मग कमरेला पट्टा बांधायचा, आपला गुडघा त्याच्या अधू गुडघ्याला लावायचा, काखेत हात घालून उचलायचं नाही, नाहीतर खांदा निखळतो. घास डाव्या गालात द्यायचा, कारण उजव्या गालात साठतो आणि त्याला कळतही नाही. दाढी करताना कातडी ताणून धरायची. शिट्टी घाबरून दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. तिसऱ्या खेपेला मात्र त्याला काय सुचलं कोण जाणे, तो एकदम मित्रासमोर ताठ उभा राहिला, हात वर करून बोटं फिरवली आणि धक्क्यावरच्या जुन्या आवाजात ओरडला, "घेऽऽ वर! हळू... हळू... थांब! डावीकडे... आता सोड खाली!"

आणि नवरा पलंगावर अलगद टेकला. मग हसायला लागला. घशातून खडखडत, नाकातून पाणी येईपर्यंत हसला. ती दारात टॉवेल घेऊन उभी होती. हे हसणं तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. तीही हसली, पण मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी खुपलं. मी रोज उचलते, तेव्हा कधी नाही हसलात.

सगळं सुरळीत चाललंय असं वाटायला लागलं आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. तिने त्या दिवशी शेजारणीला सांगितलंच नव्हतं. शिट्टी होता ना घरात. दुकानातून परत आली तर बैठकीची खोली रिकामी. टीव्ही चालू. खुर्ची बाथरूमच्या दाराशी, रिकामी. ती पिशवी तिथेच टाकून धावली.

दोघं बाथरूमच्या फरशीवर होते. शिट्टी भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसला होता, आणि नवऱ्याचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. दोघांच्या पायांवर कोरडा टॉवेल पांघरलेला. सहलीला येऊन झाडाखाली विसावावं तसे दोघं निवांत होते.

"पडले?" तिने दारातूनच विचारलं.

"पडलो नाही, वहिनी, बसलो," शिट्टी म्हणाला. "म्हणजे तो घसरला, मी त्याला धरलं, आणि मग दोघंही सावकाश खाली बसलो. लागलं कुणालाच नाही. फक्त उठता येईना."

"मग हाका मारायच्या! शेजारी माणसं नाहीत का? फोन कुठाय तुमचा?"

"बाहेर राहिला. हाक मारणार होतो मी. हाच नको म्हणाला."

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव शोधला, तो नव्हता.

"किती वेळ बसलात असे? करत काय होतात?"

"बोलत होतो," शिट्टी म्हणाला.

"बोलत? कोण बोलत होतं?"

"हाच की. जास्ती करून हाच." शिट्टी जरा ओशाळला. "बोलतो हा, वहिनी. वेळ लागतो. पण घाई केली नाही तर बोलतो."

पट्टा आणला, दोघांनी मिळून त्याला उठवलं, पलंगावर निजवलं. तिने त्याचं सगळं अंग तपासलं. कंबर, कोपर, डोक्याची मागची बाजू. कुठे ओरखडाही नव्हता. मग बाहेर येऊन ती शिट्टीला म्हणाली, "बास झालं हे. कुणी कुठे जायचं नाही." शिट्टीने मान खाली घातली, चपला घातल्या आणि चहा न घेताच गेला.

तिने मुलांना फोन लावला. वाटलं होतं, बरं केलंस म्हणतील आणि विषय मिटेल. पण लेक म्हणाली, "आई, एवढं ठरलंय ते मोडायचं कशाला? तूच जा ना त्यांच्याबरोबर. त्या काकांच्या भरवशावर बाबांना सोडायचं म्हणजे... लोक काय म्हणतील? एका आठवड्याचा तर प्रश्न आहे."

मुलगा म्हणाला, "आणि तुलाही तेवढाच बदल."

एका आठवड्याचा प्रश्न. ती फोन कानाला लावून खिडकीशी उभी होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीत कपडे वाळत घालत होतं. सगळी वर्षं एकेका आठवड्यानेच तर गेली होती. पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, थोडे दिवस काढ.

"बाबा जातील," ती म्हणाली. ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. "भाऊजी नेतील त्यांना. मी नाही जाणार."

"आई! अगं आणि पडले तर?"

"बोटीवर डॉक्टर असतो. घरात तर तोही नसतो."

मग लेक हळूच म्हणाली, "तू रागावलीयेस का आमच्यावर?"

"नाही गं. दमलेय," ती म्हणाली. या एवढ्या वर्षांत हे तिने मुलांना पहिल्यांदाच सांगितलं होतं. दरवेळी कशी आहेस विचारलं की ती "मस्त" म्हणायची. मग त्यांना कळणार तरी कुठून?

दुसऱ्या दिवशी ती स्वतः शिट्टीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाथरूमचं परत एकदा शिकवते. चला."

निघायचा दिवस आला. सोबतचा माणूस म्हणून बुकिंगमध्ये शिट्टीचं नाव गेलं होतं आणि तिने दुकानातून आठवड्याची रजा घेतली होती. बोट एवढी उंच होती की धक्क्यावर तिच्या सावलीत सगळ्या माणसांचे नुसते ठिपके झाले होते. शिट्टीने नवीन टोपी घेतली होती आणि ती त्याला मोठी होत होती. गोळ्यांचा डबा, पट्टा, रबरी चादर, सगळं तिने त्याला तिसऱ्यांदा दाखवलं. तो प्रत्येक वेळी "हो, वहिनी" म्हणाला. नवऱ्याची कॉलर तिने सारखी केली. त्याने तिचा हात धरला, जरा दाबला आणि सोडला. मग गणवेशातल्या माणसाने खुर्ची उतारावरून वर नेली. नवऱ्याने मागे वळून बघितलं नाही. तो मान मागे टाकून वर, बोटीच्या शेंड्याकडे बघत होता.

दार बंद झाल्यावर तिच्या लक्षात आलं की गुडघ्यांवर घ्यायची शाल तिच्याच हातावर राहिलीय. वर वारा असणार, पाय गार पडणार. ती दोन पावलं पुढे धावली, पण वाट अडवणारा दोर ओढला गेला होता. शाल घेऊनच ती घरी आली.

पहिल्या सकाळी ती नेहमीच्याच वेळी ताडकन उठली आणि त्याच्या पलंगाशी पोचल्यावर तिला आठवलं. मग त्याच पलंगाच्या काठावर बसून राहिली. चहा केला तर दोन कप झाला. एक प्यायली, दुसरा गार झाल्यावर ओतून दिला. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी फोन आला. शिट्टी म्हणाला, सगळं ठीक, जेवला, मजेत आहे. मागून नवऱ्याचा आवाज आला, काय म्हणाला ते वाऱ्यात कळलं नाही.

आराम मिळेल असं तिला वाटलं होतं. आधी आलं ते दुखणं. दुसऱ्या दिवशी ती उठूच शकली नाही. कंबर, मनगटं, मानेमागचा गोळा, सगळे इतकी वर्षं रांगेत तिष्ठत होते की काय, असे एकदम बोलायला लागले. ती झोपली, उठली, पाकिटातला पाव कोरडाच खाल्ला, परत झोपली. दार लावून झोपली. कुणी हाक मारली नाही. दुपार होती का संध्याकाळ, तिला पत्ता नव्हता. तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी ती आंघोळ करून केस धुवून गॅलरीत बसली तेव्हा तिला साफ कळून चुकलं की एवढ्याने हे भागणार नाही. हा थकवा एका आठवड्याने फिटण्यातला नव्हता. तीन दिवसांनी ते येतील आणि तेव्हापासून परत मोजा, गोळ्या, घास, रात्र.

तेवढ्यात फोन वाजला. शिट्टी होता, पण आवाज अगदी बारीक.

"काय झालं? ते बरे आहेत ना?"

"तो बरा आहे. झकास आहे. खोलीत पडलाय, मी बाहेर येऊन बोलतोय." मग तो म्हणाला, "वहिनी, दमलो हो मी."

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"पाठ गेली, गुडघे गेले, ते तर आहेच. पण त्याचं नाही. तो हाक मारत नसतो ना, तेव्हाही मी कान देऊनच असतो. जेवताना, संडासात, कुठेही. कळतंय का मी काय म्हणतोय?"

"कळतंय."

"तुम्ही कसं केलंत हे?"

ती म्हणाली, "दुपारी ते झोपले की तुम्हीही झोपत जा."

"दुपारी झोपतो कुठे तो?"

"माहितीये मला," ती म्हणाली, आणि पलीकडे शिट्टी फसफसून हसला. तीही हसली. डोळे भरून आले तरी हसत राहिली.

हसू ओसरल्यावर तिने विचारलंच. "भाऊजी, परत आल्यावर आठवड्यातून दोन दिवस याल का? दिवसभर. मला घराबाहेर पडायचंय. नाहीतर घरातच झोपायचंय, पण दार लावून."

शिट्टी लगेच हो म्हणाला नाही. तिला ते आवडलं. ही आता तोंडदेखली गोष्ट उरली नव्हती.

"दोन नाही जमायचे," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला सांगू? एक येईन. मंगळवारी. दुसऱ्याचं पोरांना सांगा. एवढी बोट पाठवतात, एक माणूसही पाठवू शकतील."

"मंगळवार चालेल," ती म्हणाली.

फोन ठेवला आणि धीर गळायच्या आत तिने लेकीला लावला. लेकीने हॅलो म्हटलं, बाबा कसे आहेत विचारलं, मग नेहमीसारखं, "आणि तू?"

"मला आठवड्यातून एक दिवस माणूस हवाय," ती म्हणाली. "कायमचा. बाबांचं सगळं करणारा. तुम्ही दोघांनी बघा. मी शोधणार नाही, मी विचारणार नाही, मी फक्त दार उघडीन."

लेक गोंधळली. म्हणाली, दादाशी बोलते, बघते, कुठून मिळतो ते विचारते. आईने तिला मध्ये तोडलं नाही, की राहू दे म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघ. आणि मला कळव."

मग ती आत आली. बाहेर अजून भरपूर उजेड होता, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालले होते. तिने खोलीचे पडदे ओढले आणि पलंगावर अंग टाकलं.